क्रिस्टलचे हमखास हशे

३ मार्च
आले बाई एकदाची मेलबर्नला! आमचं वॉगा गाव सोडताना आई रडली, मी मात्र बसमध्ये चक्क गुणगुणत होते. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात काम, आणि तेही क्रिस्टलचं! क्रिस्टल म्हणजे मिरवणाऱ्या सिनेतारकांची टर. मुलाखत घेणारा मर्विन तिला तिच्याच ट्रॉफीने बडवतो आणि ती दात काढून म्हणते, "मी एकदम मजेत!" ट्रॉफी रबराची. मर्विन तर लोण्यासारखा माणूस, माझ्यासाठी स्वतः गरमागरम 'मीट पाय', म्हणजे खिमा भरलेली पेस्ट्री, घेऊन आला. म्हणाला, नेरिडा, पोरी, लोक हसले की ते कायमचं संहितेत, इथे एवढा एकच कायदा.

५ मार्च
क्रिस्टलच्या लकबी पाठ करतेय. डावा कान दोनदा ओढायचा. बरगडीवर हात ठेवून "आईला बोलवा" म्हणायचं. शेवटी भिंतीवर रंगवलेल्या दाराची मूठ धरून ओढायची. सगळ्या लकबी जॅसिंटाच्या, माझ्या आधी क्रिस्टल करणाऱ्या मुलीच्या. ती आता कुठे असते विचारलं, तर सगळे म्हणाले, मजेत आहे.

१० मार्च
पहिलं चित्रीकरण. टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी होतं! ट्रॉफी मात्र जड वाटली. करंगळी टम्म सुजलीय. मर्विनने विचारलं, ठीक ना गं? म्हटलं, एकदम. आल्या आल्या कुरकुर कोण करणार?

१२ मार्च
करंगळी मोडली आहे. मर्विनला बजावलं, खरंच लागलं तर मी माझं खरं नाव घेईन, तेव्हा हात आवरायचा. त्याने मान डोलावली.

१७ मार्च
ट्रॉफी पितळेची होती. दोन दात पडले. मी ओरडले, मी क्रिस्टल नाही, नेरिडा आहे! लोक हसून हसून लोळले. मर्विन थांबला नाही, आणखी तीनदा मारलं. नंतर म्हणाला, काय सुचलं गं तुला, सोनं आहे सोनं! संध्याकाळी नवी संहिता हातात आली. पान सहा: ती रक्त थुंकते आणि स्वतःचं नाव सांगते.

१८ मार्च
जॅसिंटाचे जुने भाग पाहिले. पहिल्या भागात ती कान ओढत नाही. तिसऱ्यात ओढते, दोनदा, मर्विनकडे बघत, डोळ्यांत पाणी. चौथ्यापासून दर वेळी. "आईला बोलवा"चंही तसंच — लकबी नव्हत्याच त्या. ती थांबा म्हणत होती. शेवटच्या भागात दार ओढतेय, डोकं फुटलेलं — आणि लोक हसताहेत.

१९ मार्च
स्टुडिओतल्या माझ्या खोलीत बॅग भरली. पळाले. स्टुडिओच्या फाटकाशी प्रेक्षकांनी गाठलं, क्रिस्टल, ठीक ना? तोंडातून आपोआप गेलं — मी एकदम मजेत. टाळ्या. हसत हसत त्यांनीच उचलून आत आणून सोडलं —

२४ मार्च
बरगड्या गेल्या. उजवा हात चालत नाही, डाव्याने लिहितेय. खोलीचं दार ओढलं. मूठ हातात येत नाही. बोटांना ओला रंग —
आई गं —

२५ मार्च
माझी वही त्यांनी वाचली. सगळ्यांनी मिळून, मोठ्याने. भिंतीपलीकडून हशा ऐकू येत होता —
आता नवी संहिता टाकलीय. हीच वही. "आले बाई एकदाची" पासून, शब्दन् शब्द. आजची तारीखही आहे. माझ्याच अक्षरात. मी अजून लिहिलं नव्हतं तरी —
खाली सूचना: इथे तिचं वाक्य तुटतं. मर्विन मागून येतो. ट्रॉ