पेन्सिलीचे डोळे

सोमवार, ४ जानेवारी १९९९
विश्रामबाग, सांगली

आले एकदाची सांगलीत. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीत शेवग्याचं झाड आणि नळाला सकाळ-संध्याकाळ पाणी. दुष्काळी माण तालुक्यातल्या माणसाला आणखी काय हवं! कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून आजच हजर झाले. विभागप्रमुखांनी पहिल्याच दिवशी फुटलेल्या काचनळ्यांची, ब्युरेटांची, यादी हातात ठेवली, मीही पहिल्याच दिवशी ऐकवलं की हे सगळं माझ्या आधी फुटलंय. मायाचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं आई म्हणते. असू दे.

घरमालकांचा मुलगा शौनक तिशीचा, दाढीवाला. खालच्या गॅरेजमध्ये त्यानं डार्करूम केली आहे, पाच जणांचा क्लब आहे त्यांचा. सगळी सांगली रोल रंगीत लॅबमध्ये टाकते आणि तासाभरात फोटो घेऊन घरी जाते. कुणाच्या तरी भावानं अमेरिकेहून रोलच न लागणारा कॅमेरा आणलाय म्हणे. आणि ही मंडळी अजून काळ्या-पांढऱ्या फिल्मवर फोटो काढून आपल्या हातानं धुतात. मला फोटो पक्का करायचा हायपो तयार करता येतो म्हटल्यावर शौनकनं मला तिथल्या तिथे सभासद करून टाकलं.

सामान लावताना आधी बाबांचा फोटो टांगला, बुद्धाच्या तसबिरीशेजारी. शौनक पाण्याची चावी दाखवायला वर आला होता. फोटोकडे बघून म्हणाला, हे डोळे खरे नाहीत, पेन्सिलीनं रंगवलेत. असा संताप आला! खरं असलं म्हणून काय झालं? दुसऱ्याच्या बापाबद्दल असं बोलतात का?

बाबा, म्हणजे केरू, मुंबईहून आजारी होऊन आले आणि आठवड्यात गेले. मी सहा वर्षांची होते. जिवंतपणी त्यांचा एकही फोटो नव्हता. मग दहिवडीच्या स्टुडिओतले नानासो आले, त्यांनी बाबांना खुर्चीत टेकवून बसवलं, फोटो काढला आणि निगेटिव्हवर मिटल्या पापण्यांच्या जागी उघडे डोळे रेखले. आमच्या भागात मयताचा फोटो असाच करून घेत. डोळे घरातल्याच कुणाचे तरी समोर बघून काढायचे. बाबांसाठी मी अख्खी दुपार स्टुलावर बसले होते. आई अजून सांगते, "तुझंच डोळं हायती त्यास्नी."

रविवार, १७ जानेवारी

फोटोची गोष्ट ऐकल्यापासून शौनक मागे लागला होता, आज त्याच्याबरोबर इस्लामपूरला गेले. नानासो आता तिथे लेकीकडे असतात. स्टुडिओ केव्हाच बंद झाला, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांच्या कॉटखाली मयतांच्या निगेटिव्हचा एक पत्र्याचा डबा आहे. तेहतीस निगेटिव्ह. शौनकला त्या छापून क्लबचं प्रदर्शन भरवायचंय.

म्हातारा आधी ऐकेच ना. मी केरूची मुलगी म्हटल्यावर माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाला, "तू लय चुळबुळ करत हुतीस गं!" मग डबा दिला, पण बजावून दिला. छापायचं तेवढं छापा, पण काच-फिल्म पुसायची नाही, धुवायची नाही, पेन्सिलीला बोट लावायचं नाही. शौनकनं मान डोलावली. नानासोंनी शब्द मात्र माझ्याकडून घेतला. मी दिला.

रविवार, ३१ जानेवारी

बाबांची निगेटिव्ह मी स्वतः छापली. लाल दिव्याखाली डिशमधला कोरा कागद हलवत राहायचं. आधी खुर्चीची पाठ आली, मग पागोटं, मग मिशा, आणि सगळ्यात शेवटी माझ्याकडे बघणारे डोळे. रडले थोडी. शौनकनं बघितलं आणि पुढचा कागद डिशमध्ये सोडला, तेवढ्यापुरता तो मला बरा वाटला.

नंतर चहा पिताना त्याचं सुरू झालंच. कॉम्प्युटरवर उद्या कुणाच्याही धडावर कुणाचंही मुंडकं बसवतील, फिल्म तेवढी खोटं बोलत नाही, म्हणून आपण फिल्म धरून बसायचं. आणि या नानासोंनी मात्र फिल्मलाच खोटं बोलायला लावलंय. मी म्हटलं, ते खोटं नाही, ती माया आहे. तो हसला.

रविवार, १४ फेब्रुवारी

लिहायला नीट येत नाही.

कॉलेजच्या परीक्षेमुळे आठवडाभर खाली गेले नव्हते. आज गेले तर तारेवर तेहतीस प्रिंट वाळत होते आणि तेहतीसच्या तेहतीस जणांचे डोळे मिटलेले. स्पिरिटचा बोळा फिरवून यांनी सगळी पेन्सिल पुसली. प्रदर्शनाचं नावसुद्धा ठरलंय, 'खरे चेहरे'. टेबलावर कापसाचे बोळे पडले होते, राखाडी झालेले. त्यातल्या कुठल्या बोळ्यात माझ्या बापाचे डोळे होते?

मी हायपोची डिश त्याच्या अंगावर ओतली. ओतली आणि मला बरं वाटलं. तो शर्ट पुसत मला समजावत होता, मॅडम, तुमचे वडील आज पहिल्यांदा जसे होते तसे दिसतायत. जसे होते तसे! ते मेलेले होते. मेलेला बाप एकदा बघितला होता, पुरे होता तेवढा. आणि शब्द कुणी दिला होता? मी. स्वतःचाच जास्त राग येतोय.

मंगळवार, १६ फेब्रुवारी

सकाळी केस विंचरताना भिंतीकडे लक्ष गेलं. बाबांच्या फोटोतल्या पापण्या खाली आल्यात. अर्ध्या. हा फोटो चोवीस वर्षांपूर्वी छापलेला, चौकटीत काचेमागे आहे. याला कुणी हात लावलेला नाही.

दुपारी बघितलं तर पूर्ण मिटलेले होते.

एसटीडी बूथवरून गावी शेजाऱ्यांकडे फोन लावला. मी काही विचारायच्या आत आईच म्हणाली, घरातल्या फोटोनंही डोळे मिटलेत. आणि म्हणाली, वरच्या आळीतल्या सयाजीला परवापासून दिसत नाही. चाळिशीचा धडधाकट माणूस. मिरजेला नेलं, डॉक्टरांना डोळ्यात काही सापडेना. सयाजीच्या आजीचा फोटो नानासोंनीच केला होता. आजीसाठी स्टुलावर बसला होता सयाजी.

शनिवार, २० फेब्रुवारी

इस्लामपूर. नानासोंच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, म्हातारा मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "मला ठावं हुतं, ह्ये शिकल्याली माणसं पुसणारच."

त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. फोटोतल्या मयताला डोळे देताना समोरच्या जित्या माणसाची थोडी नजर उसनी जाते. थोडीच. कुणाला कळतही नाही. तेवढ्यावर मयत शांत बसतं. पण एकदा दिलेले डोळे काढून घेतले की ते चवताळतं आणि त्याच माणसाकडे उरलेलं सगळं मागायला येतं. उपाय एकच, डोळे परत रेखायचे. मग ज्याला समोर बसवाल त्याची नजर जाईल, सगळी, आणि आधीचा माणूस सुटेल. "येका माणसाच्या नजरंत कितीबी मयतं भागत्यात. त्या माणसाला मातर काय ऱ्हात न्हाई."

त्यांना आता दिसत नाही. पेन्सिल कशी तासायची, वार्निश कसं लावायचं, बुबुळ छापून काळं यावं म्हणून ती जागा कशी कोरी सोडायची, हे त्यांनी माझा हात धरून शिकवलं.

परत येताना एसटीत पाट्या वाचायचा प्रयत्न केला. कडा धूसर दिसतात.

गुरुवार, २५ फेब्रुवारी

आईचा निरोप आला. आणखी सात जण. बिदाल गावचा एक मेंढपाळ, कुरणातून हाताला धरून घरी आणला. एक बाई, पदरात तान्हं मूल.

शौनकला सांगितलं. हसला. म्हणाला, कॉलेजात रसायनं हाताळता आणि असल्या अंधश्रद्धा? प्रदर्शन सात मार्चला होणारच. त्याचं काय जातंय? त्या डब्यात त्याच्या घरचं कुणी नाही. त्याच्या आजोबांचे फोटो जिवंतपणी काढलेले आहेत, हॉलभर.

मी म्हटलं, अंधश्रद्धाच आहे ना? मग बसा माझ्यासमोर स्टुलावर. मला डोळे रेखायला शिकायचंय.

म्हणाला, अवश्य.

रविवार, २८ फेब्रुवारी

बसला. सकाळी नऊला. मान ताठ करून, हसत. पहिली निगेटिव्ह सयाजीच्या आजीची.

चौथीला म्हणाला, खिडकी बंद केली का. खिडकी उघडीच होती. नववीला दिवा लावा म्हणाला. मी लावला. अकरावीला त्याचं हसू गेलं.

तो उठू शकला असता. दार उघडं होतं. त्याला दार दिसत नव्हतं.

विसावीला रडायला लागला. माया, थांब, म्हणाला. मॅडम नाही, अहो नाही. मी त्याला म्हटलं, मान हलवू नका, जसे आहात तसे दिसू द्या.

बत्तीस झाल्या. माझा हात एकदाही थरथरला नाही. याचंच मला आता —

बाबांची मुद्दाम बाजूला ठेवली होती. त्याचे डोळे माझ्या बापाच्या तोंडावर? मेले तरी नाही.

मंगळवार, २ मार्च

सयाजीला दिसायला लागलं. मेंढपाळालाही. आईनं कळवलं.

खाली शौनकची आई रडतेय, सारखी. त्यानं माझं नाव सांगितलेलं नाही. अंधश्रद्धा म्हणाला होता ना, आता कुठल्या तोंडानं सांगेल?

वाईट वाटायला हवं. वाटत नाही. याची भीती वाटते.

गुरुवार, ४ मार्च

मधलं तेवढं दिसतं. बांगडीएवढं. कडेनं कुणी तरी उभं असतं — मान वळवली की तिकडेही काळं. पागोट्याचा वास येतो. घामाचा, बिडीचा. बाबा, मी कुठे नाही म्हणतेय —

शुक्रवार, ५ मार्च

आई आली. एकटी, दोन एसट्या बदलून. नानासोंच्या लेकीकडून तिला सगळं कळलं.

स्टूल ओढून समोर बसली. म्हणाली, "माझं घे. म्हातारीला काय बघायचं ऱ्हायलंय?" मी ओरडले तिच्यावर. गावाला जा म्हटलं, नाही नाही ते बोलले. ती हलली नाही. "भांडून झालं का? काढ आता."

मी हो म्हटलं आणि बाबांची निगेटिव्ह टेबलावर घेतली.

तिला बसू दिलंय. माझ्या मांडीवर आरसा आहे, टेबलाच्या आड.

दुपारी

उजवा डोळा झाला. वार्निश वाळेपर्यंत लिहिते. ओळ सरळ आहे की नाही कळत नाही. रुपयाएवढं दिसतं. आई विचारते, कुणाकडं बघून काढतीस, मान सारखी खाली का. मी म्हटलं, तुझेच काढतेय, गप्प बस.

डावा — बुबुळ सोडलं — झाला बहुतेक —

भिंतीवर बाबा बघतायत का, आईला विचारलं. बघतायत म्हणाली. लय मायेनं बघत्यात म्हणाली.

मग उठली. स्टूल पडलं. ओरडतेय — माया, मला कसं काय दिसतंय अजून — तुझ्या मांडीवर त्यो आरसा कशाला —