गुडघ्याचा निसर्गोपचार, मुक्काम बावडा

सोमवार, ५ जानेवारी. सकाळी साडेसहा.
काल संध्याकाळी बावड्याच्या वस्तीवर दाखल. झोप उत्तम. चार वेळा जाग आली, पण ती स्वच्छ हवेमुळे.

परिस्थिती लिहून ठेवतो. बारामतीच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला, पुरता पाहिलाही नाही, आणि म्हणाले उजवा गुडघा बदलायचा. बदलायचा! स्कूटरचा टायर आहे का तो? सोमवार, १२ तारीख, सकाळी आठला ॲडमिट. वृषालीनं तिथल्या तिथं फॉर्म भरला. एकतीस वर्षांच्या संसारात माझं कुठलंच काम तिनं इतक्या उत्साहानं केलेलं नाही.

मी म्हणालो, मला एक आठवडा द्या, निसर्ग गुडघा दुरुस्त करतो. बरंच भांडण झालं. शेवटी ठरलं ते असं: येत्या रविवारी ती वस्तीवर येणार. तिच्यासमोर मी घरापासून पाटापर्यंत काठीशिवाय जाऊन परत आलो तर ऑपरेशन रद्द. नाही जमलं तर निमूट दवाखान्यात. अंतर किरकोळ आहे, दोन-अडीचशे पावलं.

ऑपरेशनची भीती वगैरे मला अजिबात नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे.

संकल्प: गोळ्या बंद. चहा बंद. साबण बंद. गरजा कमीत कमी. स्वतः पिकवलेलीच भाजी.

दुपारी बारा.
चहा घेतला. द्वारकाकाकूंनी, म्हणजे माझ्या चुलतीनं, स्वतः आणून दिला. वडीलधाऱ्यांना नाही म्हणणं आपल्यात बसत नाही.

मंगळवार, ६ जानेवारी.
जोतीराम हा काकूंचा मुलगा, माझा चुलतभाऊ. आमच्या वाट्याचा ऊसही तोच बघतो. भला माणूस, पण दृष्टी नाही. पहाटे उठून मोटर चालू करायची, पाणी द्यायचं, ऊस कारखान्याला घालायचा, संपलं. नवीन विचार म्हणून नाही.

माझे वडील मास्तर, त्यामुळे आम्ही शाळांच्या गावी वाढलो. शेत पाहिलं ते मे महिन्याच्या सुट्टीत. पण पंचायत समितीत चौतीस वर्षं शेतीच्या फायली माझ्याच टेबलावरून गेल्या. असो.

बांधाला मळीचा ढीग दिसला. कारखान्यात उसाचा रस गाळून उरतो तो काळा चोथा. परवाच ट्रॉलीनं येऊन पडलाय. काय सुंदर, मऊ, काळाभोर! जोतीराम म्हणाला, दादा, मळी ताजी हाय, तिला कुजायला दोन-तीन महिनं लागत्यात, तवर हात लावू नका. याच मनोवृत्तीनं देश मागे राहिला. मी बारा घमेली ओढून अंगणाशेजारी वाफा भरला, चांगला गुडघाभर उंच. वर मेथी, कोथिंबीर, मुळा. मेथी तिसऱ्या दिवशी उगवते. रविवारी वृषालीला मेथीची भाजी वाढणार, तीही चालत जाऊन.

संध्याकाळी गुडघ्याला सूज. सूज म्हणजे शरीरातलं विष बाहेर येण्याची खूण. आनंद झाला.

बुधवार, ७ जानेवारी.
एरंडाचा पाला गरम करून बांधला. आनंद कमी झाला.

आज काकूंचं निरीक्षण केलं. वय पंच्याहत्तर. सकाळी दुधाची किटली घेऊन डेअरीपर्यंत ताठ चालत गेल्या आणि आल्याही. का? कारण बाजरीची भाकरी, गूळ, उघडी हवा, आणि आयुष्यात डॉक्टरांचं तोंड पाहिलेलं नाही. हा माझा पुरावा. वृषालीला फोन करून ऐकवला. ती फक्त हं म्हणाली. पुराव्यासमोर माणसाची बोलती बंद होते.

काकू जमिनीवर बसत नाहीत, नेहमी बाजेवर. घरात मान आहे त्यांचा.

तीन चहा. तीनही मानाखातर.

साबणाशिवाय अंघोळ. थंड पाणी. अंघोळ छोटी झाली.

गुरुवार, ८ जानेवारी. सकाळी.
मेथी उगवली नाही. बी बोगस असणार. हल्ली बाजारात सगळीच फसवाफसवी.

गुरुवार. दुपारी.
मोठा शोध! बी उकरून बघावं म्हणून वाफ्यात हात घातला तर आत गरम. चांगलं कढत. बी शिजून मऊ झालेलं. जोतीराम म्हणाला, मी सांगितलं व्हतं की, मळी कुजताना तापती, त्यात काय बी जगत न्हाय. बिचारा. हातात सोनं असून त्याला दिसत नाही. लोक हजारो रुपये भरून केरळात गरम मातीचे लेप घेतात आणि इथं बांधाला औषध पडलंय!

भाजीचा विषय तूर्त बंद. भाजी काय, बाजारात मिळते. उद्यापासून मृत्तिकाचिकित्सा.

वृषालीचा फोन. रविवारी दहाला गाडी घेऊन येते म्हणाली. दवाखान्याची बॅगही भरली आहे म्हणे. मी म्हणालो, बॅग रिकामी कर. फोन ठेवल्यावर थोडा घाम आला. जानेवारीतही या भागात उकडतं.

शुक्रवार, ९ जानेवारी.
आजचा प्रसंग लिहायचा नव्हता. पण ही वही माझी मलाच आहे, तेव्हा लिहितो.

सकाळी नऊला पायजमा वर करून वाफ्याच्या कडेला बसलो आणि उजवा पाय मांडीपर्यंत मळीत पुरला. स्वर्गसुख. आठ महिन्यांत पहिल्यांदा गुडघा दुखायचा थांबला. खोटं नाही, डोळ्यांत पाणी आलं. त्या क्षणी ठरवलं, या उपचारावर पुस्तक लिहायचं. प्रस्तावना सुचत असतानाच डोळा लागला.

जाग आली ती पाय भाजला म्हणून. उठायला गेलो तर उठता येईना. खाली बसलेल्या माणसाला उठायला गुडघा लागतो, हे कुठल्याच पुस्तकात नीट दिलेलं नाही. हाका मारल्या. जोतीराम पाटाकडं गेलेला. शेजारच्या फडात ऊसतोडीची टोळी होती. त्यातली एक बाई धावत आली, माझ्याकडं पाहिलं आणि ओरडली की म्हातारं अर्धं गाडलंय, या गं समद्या! सात-आठ जणी आल्या. दोघींनी काखेत हात घातले, एकीनं पाय उपसला, बाकीच्यांनी तोंडाला पदर लावून हसण्याचं काम केलं. म्हातारं! मी एकसष्ट वर्षांचा आहे. एकीनं विचारलं, आबा, कुणी पुरलं तुमाला? हा अज्ञानी समाज.

पाय पोटरीपर्यंत लाल. दोन फोड. वास असा की सडक्या अंड्यांची पाटी डोक्यावर घेतल्यासारखा. चार बादल्या पाणी घेतलं, काही फरक नाही. शेवटी साबण घेतला. अर्धी वडी संपली. जोतीरामच्या म्हशीनंही मान फिरवली.

संध्याकाळी गुडघा पूर्वीपेक्षा दुप्पट. गोळी घेतली. एकच. निसर्गातही केमिकल असतंच.

शनिवार, १० जानेवारी.
अपमानाचा दिवस.

भाजल्यावर लावायला काकू मलमाची ट्यूब घेऊन आल्या. खोलीत काय काय आहे त्यांच्या! मी म्हणालो, काकू, तुम्ही आणि मलम? तुम्ही तर निसर्गाच्या. काकू बाजेवर बसल्या, लुगडं गुडघ्यापर्यंत सरकवलं आणि दाखवलं. दोन्ही गुडघ्यांवर सरळ, उभा, मधोमध व्रण. दोन वर्षांपूर्वी बारामतीत. माझेच डॉक्टर.

मी म्हणालो, मला कुणी सांगितलं नाही. काकू म्हणाल्या, तू इचारलंस कवा? आला त्या दिसापासनं तूच बोलतूयास. मग म्हणाल्या, तुज्यासारखंच मीबी पाला बांधला, तेल चोळलं, दोन साल रांगत हुते बाळा. घरात कुणाला पाणी मागायची लाज वाटायची. कशापायी करून घेतूस असं? भ्या वाटतंय व्हय?

मी म्हणालो, छे, तत्त्वाचा प्रश्न आहे. काकू म्हणाल्या, मला लई भ्या वाटलं हुतं. आणि चहा टाकायला गेल्या.

एका कष्टकरी बाईनं इतकं उघड बोलावं याचं वाईट वाटलं. नंतर बराच वेळ चहा तसाच निवत राहिला.

दुपारी चार.
रंगीत तालीम. काठीशिवाय निघालो. बेचाळीस पावलं. तिथं पिकाची पाहणी करायला थांबलो. ऊस चांगला आहे. पाहणी वीस मिनिटं चालली. मग जोतीराम मोटरसायकलवर दिसला, म्हणाला, बसा दादा. परत येण्याचं साधन करारात ठरलेलं नाही, म्हणून बसलो.

उद्या शरीर ताजं असेल. उद्या जमेल. नक्की.

रविवार, ११ जानेवारी.
वृषाली दहाला आली. हिरवी साडी. माझ्यासाठी धुतलेला शर्ट आणला होता. पाय बघितला, फोड बघितले, वास घेतला. काही बोलली नाही. मला हे आवडलं नाही. बोलली असती तर उत्तर तयार होतं.

मी काठी भिंतीला लावली आणि निघालो. जोतीराम, काकू, वृषाली अंगणात. पहिली वीस पावलं अशी टाकली की वाटलं, झालं, जिंकलो. तिसाला घाम फुटला. पन्नासाला डोळ्यांपुढं काजवे. पाट समोर दिसत होता, पाणी वाहत होतं, आणि पाय उचलेना. मी उभा राहिलो. खूप वेळ. पुढं जाता येईना आणि मागं वळून बघवेना.

मागून चपलांचा आवाज आला. वृषाली. वाटलं, आता ऐकवणार. तिनं माझ्या दंडाला धरलं आणि म्हणाली, फार लांब आहे हो पाट, मलाही दमायला झालं असतं. साफ खोटं. ती रोज पहाटे तीन किलोमीटर चालते.

गाडीत बसताना मी स्पष्ट केलं की हा पराभव नाही. रस्ता खाचखळग्यांचा होता. सपाट रस्त्यावर निकाल वेगळा लागला असता. ती म्हणाली, हो. ड्रायव्हरनं चारी काचा खाली केल्या.

सोमवार, १२ जानेवारी. सकाळी साडेनऊ.
दवाखाना. हिरवा गाऊन, मागून उघडा. अत्यंत निकृष्ट शिलाई. डॉक्टर आले, काल रात्री चांगली झोप लागली का विचारलं. मी म्हणालो, मला विशेष काही वाटत नाही, मी चौतीस वर्षं सरकारी नोकरी केली आहे. त्यांना दोन-तीन सूचनाही केल्या.

आता स्ट्रेचर येईल. वृषाली अर्ध्या तासापासून माझा हात धरून बसली आहे. म्हणजे हात मी धरला आहे. मघाशी तिला बाथरूमला जायचं होतं, तरी सोडला नाही. तिला एकटीला उगाच भीती वाटेल.