कमरेतलं यंत्र आणि कमरेएवढं पाणी

३ फेब्रुवारी, सोमवार
ऑपरेशनला दहा आठवडे झाले. जखम भरली. आता कमरेच्या वर, कातडीखाली काडेपेटीएवढं यंत्र आहे. त्यातून मणक्यापर्यंत बारीक वायर. ती हलका करंट सोडते आणि दुखणं निम्म्यावर येतं. यंत्राचा रिमोट आहे. घरातला एवढा एकच रिमोट माझ्या ताब्यात.
डॉक्टरांनी पाण्यातल्या व्यायामाची परवानगी दिली. म्हणाले, हलका करा, वाकू नका, कंबर पिळू नका. हे सामान्य पेशंटसाठी असणार.
संकल्प: महिनाअखेर तलावाच्या पलीकडच्या काठापर्यंत पोहत जाऊन परत येणे. (पोहता येत नाही. पण ती तांत्रिक बाब झाली.)

५ फेब्रुवारी, बुधवार
पहिला क्लास. सात बायका आणि मी. शिकवणारी तिशीची, गळ्यात शिट्टी. पाणी कोमट, कमरेएवढं. व्यायाम काय, तर चालणे! काठाचा बार धरून पुढे, बार धरून मागे. मी बार धरला नाही. तिसऱ्या पावलाला थोडं पाणी प्यायलो. शिट्टीवाली म्हणाली, काका, धरा हो. धरला. तिचं मन कशाला मोडा?

७ फेब्रुवारी, शुक्रवार
तीस वर्षं ड्रायव्हिंग लायसन्सच्या टेस्ट घेतल्या. बेशिस्त बघवत नाही. या बायका गप्पा मारत कुठेही वळतात. मी सुचवलं, आपापली बाजू सोडू नका, वळण्याआधी हात दाखवा. शिट्टी वाजली. माझ्यावर.
निळ्या टोपीतल्या बाईंनी विचारलं, साहेब, ओळखलंत? नाही म्हटलं. म्हणाल्या, तीनदा नापास केलंत मला, तिसऱ्यांदा तर गाडी सुरूसुद्धा झाली नव्हती. मी म्हटलं, तुमच्याच भल्यासाठी. चौथ्यांदा दुसऱ्या कुणा साहेबाने पास केलं म्हणे. दर्जा घसरलाय तो असा.

१२ फेब्रुवारी, बुधवार
आज जिना न थांबता चढलो! हिला म्हटलं, बघ, व्यायामाचं फळ. ही भाजी निवडत म्हणाली, यंत्राचं. मान वर करून बघितलंसुद्धा नाही. डोकं फिरलं.
संकल्प: यंत्र बंद ठेवून क्लासला जाणे. मग बोलू.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
सकाळी ७.०५. यंत्र बंद. हिला सांगितलेलं नाही.
७.४०. काही जाणवत नाही. मला वाटलंच होतं.
संध्याकाळ. पडून लिहितोय. क्लासमध्ये थोडी अडचण आली. शिट्टीवालीची पाठ वळलेली बघून बार सोडला आणि पोहण्यासाठी अंग झोकून दिलं. कंबर पिळली गेली. पाठीतून पायापर्यंत अशी कळ गेली की आवाजच फुटेना. पाणी कमरेएवढं, आणि मी त्यात बुडायला लागलो. निळ्या टोपीने काखेत हात घालून वर घेतलं. म्हणाल्या, मान सैल सोडा, मी धरलंय, घाई नाही. मला तरंगत काठाला आणलं. कुठे धक्का लागू दिला नाही.
रिमोट घरी. ही टॅक्सीने घेऊन आली. मला एक शब्द बोलली नाही. निळ्या टोपीशी मात्र बराच वेळ बोलत होती.

१५ फेब्रुवारी, शनिवार
झोपून. वायर सरकली असेल तर पुन्हा ऑपरेशन. स्वयंपाकघरात मिक्सर फार वेळ चालू होता. वाटण काहीच नव्हतं. ही बाहेर आली तेव्हा डोळे लाल. मी कांद्याबद्दल विचारलं. कांदा नव्हता.

१७ फेब्रुवारी, सोमवार
एक्स-रे. वायर जागेवर आहे! डॉक्टरांना सांगितलं, यंत्र आपोआप बंद पडलं. त्यांनी ते कॉम्प्युटरला जोडलं. म्हणाले, शुक्रवारी सकाळी सात पाचला रिमोटने बंद केलंय, कुणी केलं? हिने माझ्याकडे बघितलं. मी एक्स-रेकडे बघितलं. त्या यंत्रात सगळी नोंद राहते हे आधी सांगायला हवं होतं. पेशंटचं काही खाजगी उरलंच नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार
पुन्हा क्लास. यंत्र चालू. बार धरून चाललो, दोन्ही हातांनी. एक पूर्ण फेरी.
रात्री जेवताना हिने विचारलं, किती फेऱ्या झाल्या? दहा सांगणार होतो. एक सांगितली. ही म्हणाली, निळ्या टोपीवाल्या बाईंचा फोन येऊन गेलाय.
अर्धी. मध्ये पायरीवर बसलो होतो.