व्यवसायाचा रकाना

दि. ५ नोव्हेंबर. रहिमतपूर.
घर ते मारुतीचे देऊळ. थांबे ३. गतवर्षी एकही नव्हता. पारावर बसलो असता भिकूने विचारले, "काय आण्णा, दम लागला व्हय?" "नाही. वर्तमानपत्राची वाट पाहत आहे," असे उत्तर दिले. वर्तमानपत्र काखेतच होते.

दि. ९.
साताऱ्यास हृदयाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. निवड माझी. चि. विलासचे म्हणणे, आधी छातीच्या डॉक्टरांना दाखवावे. परंतु दम हा हमालांचा आजार, हृदयविकार प्रतिष्ठितांचा. गृहस्थ सभ्य. "बसा साहेब," म्हणाले. यंत्र लावून हृदयाची पट्टी काढली. "हृदय ठणठणीत आहे. छातीच्या डॉक्टरांकडे जा, उशीर करू नका."
बाहेर येताच सौ. म्हणाली, "बरं झालं की वो! मग त्वांड का पाडलंय?"

दि. १२.
थांबे ५. सौ. ने निखाऱ्यावर हळकुंड जाळून धुरी दिली. खोकल्यास आमच्या घरी हाच उपाय. पंचा पांघरून दीर्घ श्वास घेतला. अर्धा तास श्वास परत येईना. तो वास आला आणि ढोल आठवला. त्याविषयी आज लिहीत नाही.

दि. १६. सांगली.
विलास कुपवाडहून अर्ध्या दिवसाची रजा काढून आला. छातीच्या डॉक्टर बाई आहेत, वयाने मुलीसारख्या. नळीत फुंकण्यास लावले. "आजोबा, जोरात! अजून, अजून, अजून!" तीन वेळा फुंकले. मेणबत्तीही विझली नसती.
विडी? नाही. तंबाखू? नाही. घरात कबुतरे? नाही.
"मग काम काय करत होता?"
"अडत दुकानात दिवाणजी होतो."
"धुळीत कधी काम केलंय?"
विलास शेजारीच बसला होता. नाही म्हणालो.
बाई म्हणाल्या, "फुप्फुसाला कशानं तरी इजा झालीय. कशानं ते कळलं तर औषध नेमकं देता येईल. घरी जाऊन आठवा." तोंडाने ओढण्याचा औषधाचा पंप दिला. व्यवसायाच्या रकान्यात 'दिवाणजी' लिहिले. अक्षर वाईट.

दि. १७.
येथे तरी खरे लिहावे. दिवाणजी फक्त शेवटची सहा वर्षे. त्यापूर्वी एकवीस वर्षे सांगलीतच हळद पॉलिश करण्याच्या ढोलावर. ढोल फिरे, सालीचा पिवळा धुरळा छपरापर्यंत उडे. तोंडास पंचा. शिक्षण चौथीपर्यंत, परंतु माझे अक्षर पाहून मालकांनी पुढे पेढीवर घेतले. शनिवारी अंघोळ करून, पांढरा सदरा घालून गावी येत असे. विलासच्या शाळेच्या अर्जात 'वडील दिवाणजी' असे मीच लिहिले. पुढे तो कुपवाडच्या फौंड्रीत, लोखंडाच्या ओतकामावर लागला तेव्हा महिनाभर त्याच्याशी बोललो नाही. दिवाणजींचा मुलगा धुळीत काम करणार! असे चारचौघांत म्हणालो. आजही तो मला भेटण्यापूर्वी कपडे बदलून येतो.

दि. २१.
थांबे ६. धुरी बंद केली. पंपाने किंचित आराम. सौ. ऐकत नाही.
"आवं, तुमचं पिशवीतलं पिवळं सदरं मी धूत व्हते. पोराला कवा सांगणार?"
"तू गप्प बस."
"लय वर्सं गप बसले. हळदीनं माणूस मरतंय हे मलाबी ठावं नव्हतं. पर डाक्टरीणबाईला तरी सांगा!"

दि. २३.
उद्या पुन्हा सांगली. सर्व मजकूर सुवाच्य अक्षरांत एका कागदावर लिहिला. 'ढोल' हा शब्द दोनदा खोडला, तिसऱ्यांदा तसाच ठेवला. बेत असा की, कागद एकट्याने बाईंच्या हाती द्यावा. तसे विलासला फोनवर सांगितले.
"न्हाई आण्णा, तुमी आत गेला की सगळं बरं हाय म्हणता. मी आत येणार."

दि. २४. रहिमतपूर स्टेशन.
फाटक ते बाकडे, थांबे ४. सौ. पिशवी सांभाळून बसली आहे. कागद खिशात. आताच विलासचा फोन आला. फौंड्रीत काम अडकले आहे, कपडे बदलण्यास वेळ मिळणार नाही, चालेल का, असे भीत भीत विचारले.
"तसाच ये," म्हणालो. प्रथमच.
बोलताना तो सारखा खोकत होता. सर्दी आहे म्हणाला. किती दिवस, हे विचारीपर्यंत फोन बंद झाला.
सिग्नल पडला आहे. गाडी आली.