आधी घरच्या ताटात

ता. ९ फेब्रुवारी, दुपार

चि. ढमीस,

अनेक आशीर्वाद.

ऑफिसात तुला सगळे मॅडम म्हणतात म्हणे. म्हणोत बापडे, मी ढमीच म्हणणार. दादाचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून ‘आई गं’ करतो का? वहिनीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, म्हणजे आता तिला सगळीकडची जळमटं दिसायला लागली असतील, सांभाळा. जावईबापूंचा खोकला गेला का? माझ्या नातीचा पुढचा दात पडला की अजून लोंबतोय? आणि तू? वेळेवर जेवतेस का?

मी ठणठणीत आहे. अक्षर वाकडं आलंय तिकडे लक्ष देऊ नकोस, पेन बरं नाही.

तुझा कागद बाजाराच्या दारावर लागला, त्याची गंमत सांगायची राहिली. मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, तुमच्या जुन्या पुस्तकांतून अक्षरं लावत शिकले. पण ती सही लांबूनच ओळखली. पुढे उभ्या असलेल्या बायकांना म्हटलं, “सरका गं, माझ्या भाचीची सही आहे!” मग वरचं वाचलं. खाडीच्या तोंडाचे शिंपले विकू नयेत, खाऊ नयेत. म्हणजे माझी टोपलीच बंद. पण खरं सांगते, आधी ऊर भरून आला, टोपलीची काळजी नंतर.

त्याच दिवशी टोपली धुऊन पालथी घातली. आता गाळ्यावर खोल समुद्रातली मासळी ठेवते, मिळेल तेवढी. जुनी गिऱ्हाइकं कुरकुरतात. त्यांना तू मला समजावलंस तसंच समजावते, की शिंपला दिवसभर पाणी पितो आणि त्यातली घाण स्वतःपाशी ठेवतो, चहाच्या गाळण्यासारखा. आपण इतकी वर्षं गाळणंच खात होतो. एकीनं विचारलं, उकळून घेतलं तर? मी तुझ्याच ठसक्यात म्हटलं, “वरच्या कारखान्यातून शिसं येतंय बाई. शिसं म्हणजे काय जंतू आहे, उकळून मरायला?”

आता मुद्द्याचं. हे पत्र मला लिहायला लावलंय.

परवा लिलाव पुकारणारे भाऊ, बर्फवाला आणि समोरच्या गाळ्यातली काकू घरी आले. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. मग भाऊ म्हणाले, “मावशी, पोर तुमच्या मांडीवर वाढली. तुमचा शब्द मोडायची नाही. महिनाअखेरीला या बंदीवर सुनावणी आहे, तिथे एवढंच म्हणू दे, की तपासणीत चूक असेल, पुन्हा बघू.”

बर्फवाला म्हणाला, “शिंपले बघा तरी, कसे चकाचक आहेत!”

मी म्हटलं, “चकाचक तर तुझं टक्कलही आहे रे. म्हणून आत काय आहे ते दिसतं का?”

सगळे हसले, तोही हसला. काकू मात्र हसली नाही. म्हणाली, “एक माणूस आजारी पडलेलं दाखवा म्हणावं. कारखान्याचे साहेबही तेच म्हणतात.”

ढमे, माझ्या घरची रीत तुला ठाऊक आहे. आलेल्या मालातले मूठभर आधी घरच्या ताटात, मग गिऱ्हाइकाला. सासूबाईंनी घालून दिली, मी कधी मोडली नाही. त्या विश्वासावरच तर लोक माझ्याकडे येत. मग या बाजारात सगळ्यांत जास्त शिंपले कुणाच्या पोटात गेले असतील?

पेनाचा दोष नाही. बोटांना मुंग्या येतात, मनगट ढिलं पडतं. तुझा कागद वाचल्यावर मी एकटीच डॉक्टरांकडे गेले. रक्तात शिसं निघालं, बरंच. औषध चालू आहे, हळूहळू उतरेल म्हणतात. दादाला मी सांगेन, तू सांगू नकोस.

तर मी त्या तिघांना म्हटलं, “एक माणूस हवं ना? हे काय, तुमच्या पुढ्यात बसलंय, तुम्हाला चहा पाजून.”

काकू हळूच म्हणाली, “मावशी, हे बाहेर बोलू नका हो. विकणारीच म्हणाली, माझ्या मालानं मी आजारी पडले, तर उद्या तुमच्याकडून कुणी मीठसुद्धा घेणार नाही.”

खोटं नाही तिचं. रक्ताचा कागद हातात पडल्यापासून मलाही रात्ररात्र तेच वाटत होतं. पण बर्फवाला कपबशा आत ठेवायला आला आणि मोरीपाशीच घुटमळला. म्हणाला, “मावशी, माझ्या पोरींचंही रक्त तपासून देतील का?” मी त्याला डॉक्टरांचा पत्ता दिला. तेव्हाच माझं ठरलं.

लोकांनी सांगितलेलं लिहून झालं. आता माझं ऐक. त्या सहीवरून तसूभर हलू नकोस. सुनावणीला मी येतेय, आणि माझ्या रक्तात काय निघालं ते सगळ्यांसमोर सांगणार आहे. एक माणूस दाखवा म्हणणाऱ्यांनी डोळे भरून बघावं. आपल्या नात्यामुळे तुला अडचण होणार असेल तर तिथे मला ओळख देऊ नकोस, मी रागावणार नाही. पण तू बोलायला उभी राहिलीस की मी हसणार, ते काही मला आवरायचं नाही.

नाव कुणाकडे द्यायचं, कागद कुठले आणायचे, ते लवकर लिही. वाट बघतेय.

सुनावणीपुरती तुझी कुणीही नसलेली,
तुझीच आत्या