आठ जणांची लोकशाही

२ नोव्हेंबर, मुसफ्फा, आखातातला लेबर कॅम्प
कंपनीची बस तासभर अडकली. बरंच झालं! मोबाईलवर त्या जुन्या फ्रेंच विचारवंताचं पुस्तक आणखी थोडं वाचून झालं. सरदार घराण्यातला, वय पंचवीस. अमेरिकेला गेला तुरुंग बघायला आणि बघून आला लोकशाही! म्हणतो, गावची लहानसहान कामं माणसं एकत्र बसून ठरवतात, तिथेच स्वातंत्र्याची सवय लागते. दोनशे वर्षं होत आली, तरी काल लिहिल्यासारखं. काय माणूस आहे!

५ नोव्हेंबर
खोलीत आम्ही आठ जण. दहा वर्षं स्वयंपाक दौलतकाकाच करतात. ड्यूटीवरून आले की डोक्याला रुमाल बांधून थेट गॅसपाशी. काय करायचं, कुणाला विचारणं नाही! रोज झणझणीत. आज अजीजने ताट सरकवलं — "तोंड पोळलं काका, खलास!" नागेश म्हणाला, पाळ्या लावूया. मी म्हटलं, मतदान घेऊ. गुप्त! काका हसले. "घे की. मी काय मालक आहे?"

९ नोव्हेंबर, सुट्टी
झालं मतदान! चिठ्ठीवर अक्षर ओळखू येतं, म्हणून डबा फिरवला. काका हवेत तर मटकी, पाळ्या हव्यात तर चणा. मुठीत लपवून टाकायचं. काकांनीही टाकलं. सात चणे, एक मटकी. "यल्ला, चला, काका रिटायर!" नागेश ओरडला. मटकी काकांचीच असणार म्हणून सगळे हसले. मीही.

११ नोव्हेंबर
नागेशचा भात करपला. काका येऊन नुसते कॉटवर बसतात. हातांचं काय करावं ते त्यांना कळत नाही.

१३ नोव्हेंबर
पुढचं वाचलं आणि धडकी भरली. बहुमतही जुलूम करतं म्हणतो! चाबूक लागत नाही, एकटं पडायच्या भीतीनेच माणूस गप्प बसतो. मला कसं ओळखलं या माणसाने? मला काकाच हवे होते. टायफॉइडमध्ये त्यांनी मला हाताने पेज भरवली होती. तरी मी चणा टाकला. मतदान गुप्त, तरीही घाबरलो! लाज वाटते.

१५ नोव्हेंबर
काकांनी दुसऱ्या कॅम्पात बदली मागून घेतली. त्यांची बॅग मी खाली नेली. म्हटलं, "काका, निदान तुम्ही तरी स्वतःला मत दिलंत."
"मी? मी चणा टाकला रे. तुम्हा पोरांना तेच हवं होतं ना?"

१६ नोव्हेंबर
अजीजला विचारलं, मग मटकी कुणाची?
म्हणाला, "माझी. तिखट लागतं म्हणून माणूस काढायचा काय?"