काकूंचा खालचा ओठ

सर, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत मी तुमच्याशी बोलायला अशी कधी बसले नाही. सांगण्यासारखं काही घडलं नाही असं नाही. इंदिरानगरला माझा दातांचा दवाखाना सुरू झाला, एकीच्या दोन खुर्च्या झाल्या, मुलगी बारावीला आली. पण काकूंना सांगितलं की तुम्हाला पोचलं, असं मी धरून चालले होते. आज जे सांगायचंय ते काकूंबद्दलच आहे, त्यामुळे त्यांच्यामार्फत पाठवता येत नाही.

तुमच्याकडे मी आले तेव्हा हातात डिग्री होती, हाताला वळण काहीच नव्हतं. नाशिकरोडचा तो तळमजल्यावरचा दवाखाना आणि वर तुमचं घर. सकाळी एकलहऱ्याच्या वीज केंद्रातले कामगार रात्रपाळी संपवून थेट खुर्चीत येऊन बसायचे आणि तोंड उघडं ठेवूनच पेंगायचे. दुपारी एकच्या सुमाराला जिन्यातून काकूंची हाक यायची. स्वयंपाकघरात ओट्याला लागून ते छोटं टेबल होतं, त्याची एक बाजू भिंतीला टेकलेली, त्यामुळे तिघंच बसू शकायचे. पण काकू बसायच्याच नाहीत, पोळी तव्यावरून थेट ताटात. तुम्ही खाली मान घालून जेवत असता आणि काकू तुमच्याही वाटचं बोलत असतात. पहिल्या दिवशी मी म्हटलं, मी डबा आणत जाईन. तर म्हणाल्या, "डबा उद्यापासून आण, आज बस." हेच त्या चार वर्षं म्हणत राहिल्या.

तुम्ही मला एकदाच रागावलात. इगतपुरीचा एक रेल्वेतला माणूस आला होता, खालच्या अक्कलदाढेनं गाल सुजलेला. तुम्ही बाहेर गेला होतात. एक्स-रेची फिल्म संपली होती, तो सारखं "लय ठणकतंय मॅडम, काढून टाका" म्हणत होता आणि मलाही एकटीनं काढून दाखवायची होती. मूळ आत मोडलं. तुम्ही आलात, हात धुतलेत, मला बाजूला केलंत आणि पाऊण तास खपून तो तुकडा बाहेर काढलात. मला वाटलं, आता त्या माणसासमोर मला सांभाळून घ्याल. तुम्ही त्याला सरळ सांगितलंत की फोटो न काढता दाढ काढायला नको होती, चूक आमची झाली आहे, ओठ बधिर राहिला तर लगेच कळवा. तो बिचारा ओशाळून होय होय म्हणत गेला. मग माझ्याकडे वळून म्हणालात, "जिथलं दिसत नाही तिथं हात घालायचा नाही. पेशंट घाई करतो, कारण दुखतं त्याला. तुला काय दुखत होतं?" 

त्या रविवारी तुम्ही मला घेऊन इगतपुरीला गेलात, पॅसेंजरनं, त्याच्या क्वार्टरवर. त्याला खाटेवर बसवलंत, डोळे मिटायला सांगितलेत आणि कापसाचं टोक वळून त्याच्या खालच्या ओठावर इथं तिथं टेकवलंत. जिथं कळेल तिथं हात वर करायचा. प्रत्येक वेळी त्याचा हात वर गेला. त्याची बायको दारात उभी राहून हसत होती, तिला वाटलं काहीतरी खेळ चाललाय. परतताना गाडीत मला इतकं हलकं वाटत होतं की मी अख्खा रस्ता खिडकीबाहेर बघत रडले.

आता इम्प्लांटचं सांगते. हाडात स्क्रू रोवून त्यावर दात बसवणं तुमच्या काळात मोठ्या शहरातल्या मोठ्या लोकांचं काम होतं. आता गल्लीतल्या पाटीवरसुद्धा असतं. मी तीन दिवसांचा कोर्स केला, एका हॉटेलच्या हॉलमध्ये. प्लॅस्टिकच्या जबड्यांना भोकं पाडली, स्क्रू बसवले, शेवटच्या दिवशी जेवणाआधी प्रमाणपत्र मिळालं, ते चौकटीत घालून खुर्चीसमोर लावलं. त्यानंतर मी बरीच केली आणि सगळी नीट बसली. नीट बसत गेली हेच वाईट झालं. आधी प्रत्येकाला स्कॅनसाठी पाठवायची, ज्यात हाड आणि त्यातून खालच्या ओठाला जाणारी नस सगळीकडून दिसते. मग सोप्या केसला साध्या सपाट एक्स-रेवर भागवू लागले. मग मला बऱ्याच केसेस सोप्या वाटू लागल्या.

काकू गेल्या वर्षी दिवाळीनंतर आल्या. वय त्र्याहत्तर, गुडघे गेलेले, बाकी तब्येत ठणठणीत. खाली उजवीकडच्या मागच्या दोन दाढा केव्हाच पडल्या होत्या आणि काढघालीची कवळी त्यांना कधी जमलीच नाही. एकाच बाजूनं चावून चावून कंटाळले म्हणाल्या. पक्क्या दाढा बसवून दे. मी म्हटलं, काकू, याच्यात माझ्याहून जाणती माणसं आहेत. त्यावर म्हणाल्या, "अगं, त्यांच्या हाताखालची तू. मी दुसऱ्या कुणापुढं तोंड उघडू?" मला फार बरं वाटलं, सर. खोटं कशाला सांगू.

स्कॅनसाठी कॉलेज रोडला जावं लागलं असतं, पुन्हा रिक्षा, पुन्हा जिना. काकूंनी स्वतःच विचारलं होतं, शेजारच्या बाईंना कुठंतरी स्कॅनला पाठवलं होतं, मलाही जायचंय का. मी म्हटलं, नको, तुमचं सोपं आहे, कशाला गुडघ्यांना त्रास. हे मीच म्हटलं. सपाट एक्स-रेत हाड असतं त्याहून उंच दिसतं, हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही माहीत असतं. मी पडद्यावर मोजलं, अंदाजानं थोडं वजा केलं आणि नसेच्या वर पुरेशी जागा आहे असं ठरवून टाकलं.

पहिला स्क्रू छान बसला. दुसऱ्या वेळी ड्रिल आत जाताना हाताला लागणारा हाडाचा विरोध एकदम नाहीसा झाला. भूल दिलेली असूनही काकूंचं सबंध अंग दचकलं. रक्त जरा जास्त आलं. मी थांबले. खरंच थांबले, एवढं तरी तुम्हाला सांगू दे. मग काकूंनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि चाललंय ना व्यवस्थित, अशा अर्थानं भुवया उंचावल्या. मी मान हलवली आणि स्क्रू बसवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. भूल अजून उतरली नाही म्हणाल्या, चहा हनुवटीवरून ओघळला तरी कळला नाही, पदर ओला झाला तेव्हा कळलं. त्या हसत होत्या. सर, त्या क्षणी काय करायचं ते मला माहीत होतं. ताबडतोब बोलवायचं, स्कॅन करायचा, स्क्रू बाहेर काढायचा. पहिल्या एक-दोन दिवसांत काढला तर नस सावरायची आशा असते. मी म्हटलं, वयानं वेळ लागतो काकू, दोन दिवस वाट बघू. दोन दिवसांनी म्हटलं, आठवडा बघू. मग नसांच्या गोळ्या लिहून दिल्या. रोज सकाळी दवाखाना उघडताना मी ठरवायची की आज त्यांना बोलवायचं आणि रोज पहिला पेशंट आत आला की सुटका झाल्यासारखं वाटायचं. स्क्रू काढायचा म्हणजे त्यांना सांगायला लागणार होतं तो का काढायचा.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी जेवताना स्वतःचाच ओठ चावला आणि कळलंच नाही. तोंड रक्तानं भरलं तेव्हा त्या घाबरल्या. मग मी त्यांना माझ्या गाडीतून कॉलेज रोडला नेलं. गुडघ्यांचं काही विशेष झालं नाही, दहा मिनिटांत आम्ही बाहेर होतो. स्कॅनमध्ये स्क्रूचं टोक नसेच्या वाटेत शिरलेलं होतं. मुंबई नाक्याजवळ एक जबड्याचे सर्जन आहेत, माझ्याहून मोठे, त्यांना दाखवलं. त्यांनी काकूंना बाहेर बसवून मला विचारलं, "कळलं कधी तुला?" मी म्हटलं, आत्ता. ते म्हणाले, काढून टाकू, पण आता काय परत येईल ते सांगता येत नाही.

स्क्रू निघाला. बधिरपणा राहिला, आणि त्यात आता आग होते. वाऱ्यानं होते, पदर लागला तरी होते. स्पर्श कळत नाही आणि आग कळते, हे काय ते त्या मला विचारतात आणि मी नसांचं काहीबाही समजावून सांगते. प, ब, म त्यांना नीट येत नाहीत. फोनवर त्या आता कमी बोलतात. गरम काही खायचं असलं की आधी बोटानं तपासतात. वर्ष होत आलं. मी दर पंधरवड्याला नाशिकरोडला जाते, त्याच टेबलाशी त्यांना बसवते, डोळे मिटायला सांगते आणि कापूस टेकवते. बराच वेळ हात वर येत नाही. मग मध्येच येतो. पहिल्यांदा आला तेव्हा मला फार आनंद झाला. पण कापूस तेव्हा माझ्या हातात होता, सर. ओठाला लावलेलाच नव्हता. त्यांनी मला बरं वाटावं म्हणून हात वर केला होता. आता प्रत्येक वेळी एक-दोनदा करतात. मी "छान, सुधारतंय" म्हणते.

उन्हाळ्यात तुमचा मुलगा पुण्याहून आला होता. आईच्या बोलण्यातला फरक त्याला फोनवर कळला होताच. त्यानं कुठं कुठं वाचलं होतं, दोन डॉक्टरांना विचारलंही होतं. आवाज न चढवता, तुमच्यासारखाच, त्यानं मला विचारलं, "ताई, आधी स्कॅन केला होता का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. काय देणार होते, देव जाणे. त्याआधीच ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या काकू म्हणाल्या, "तिनं सांगितला होता रे. मीच गेले नाही. गुडघे दुखत होते माझे."

त्यानं आईवर चिडून घेतलं, तू कधी ऐकतच नाहीस कुणाचं, म्हणाला. मग माझ्याकडे वळून, माफ करा ताई, उगाच तुम्हाला विचारलं, म्हणाला. काकूंनी वळून बघितलं नाही. कुकरचं झाकण लावत होत्या, ते लागत नव्हतं. मी उठून लावून दिलं. तेव्हाही त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, फक्त "जेवून जा" म्हणाल्या. मी जेवले. तिघंही जेवलो. उजव्या बाजूनं त्यांच्या तोंडातून वरण ओघळत होतं आणि मुलगा दर दोन घासांनी आपल्या रुमालानं ते टिपत होता.

त्यांना सगळं कळतं की त्यांना खरंच तसं आठवतं, हे मला आजवर विचारता आलेलं नाही. विचारलं आणि त्या म्हणाल्या, मला माहीत आहे, तर मी पुन्हा त्या घराचा जिना कसा चढू? आणि न विचारता चढते तो तरी कसा चढते?

हे पत्र पोस्टात टाकता येणार नाही. तुमचा एकच पत्ता मला माहीत आहे, आणि त्या पत्त्यावर ते काकूच उघडतील. चष्मा लावून, दारातच उभ्या राहून, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतील. म्हणून हे इथंच राहील.

एवढं एक सांगायचं राहिलं. तुमचा मुलगा आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात काकूंचा केसपेपर काढला आणि दिवाळीनंतरच्या त्या पहिल्या तारखेखाली, दोन ओळींच्या मधल्या जागेत, बारीक अक्षरात लिहिलं: स्कॅन सुचवला, पेशंटने नकार दिला.